रिसिनोलेइक ॲसिडची ॲसिड व्हॅल्यू ठेवल्या ठेवल्या उतरते, कशामुळे?

एरंडपान

एरंडेलातून रिसिनोलेइक ॲसिड, म्हणजे त्यातलं मुख्य मेदाम्ल, सुटं केलं आहे. पहिल्याच दिवशी ॲसिड व्हॅल्यू (एक ग्रॅम मालातलं मोकळं ॲसिड मारायला लागणारं पोटॅश, मिलिग्रॅममध्ये) अपेक्षेपेक्षा बरीच कमी आली आणि नंतर ती आणखी उतरत गेली. जाणकारांना चूक नेमकी दाखवता यावी म्हणून सगळे आकडे देतो.

तेल फिकट, पहिल्या प्रतीचं. त्याची सॅप व्हॅल्यू (एक ग्रॅमचा पूर्ण साबण करायला लागणारं पोटॅश, मिलिग्रॅममध्ये) १८०, ॲसिड व्हॅल्यू १.५. तेल १०० ग्रॅम, कॉस्टिक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) पापड्या १८.५ ग्रॅम, ९५ टक्के इथेनॉल १५० मिली. उभा कंडेन्सर लावून एक तास उकळलं. मग ३०० मिली गरम पाणी घालून मिठाने साबण वेगळा काढायचा प्रयत्न केला, पण तो नीट वर येईना. तेव्हा तसाच पुढे नेला आणि ६० ते ७० अंश सेल्सियसला पातळ सल्फ्युरिक ॲसिड सोडत पीएच २ वर आणला. वर आलेला थर दोनदा पाण्याने धुतला. पाण्याचा अंश राहू नये म्हणून उघड्या चंचुपात्रात ११० ते १२० अंशांवर तीन तास तापवला. हाती आलं ८६ ग्रॅम.

पहिल्या दिवशी ॲसिड व्हॅल्यू १४९. बाटली उबदार जागी होती. अडीच महिन्यांनी १३६. द्रव आधीपेक्षा स्पष्टपणे घट्ट झाला आहे. वास खवट नाही.

यातून झिंक रिसिनोलेएट (दुर्गंध बांधून ठेवणारं झिंकचं मीठ) करायचं आहे, आणि उरलेल्यातून लिथियम ग्रीस जमतं का ते पाहायचं आहे. जुना माल वाचवता येईल का?

---

सॅपव्हॅल्यू

तुमच्या कृतीत तीन चुका एकावर एक बसल्या आहेत, म्हणून आकडा इतका खाली गेला. एकेक वेगळी करून पाहू.

आधी आकडा किती यायला हवा ते. शुद्ध रिसिनोलेइक ॲसिडचा रेणुभार २९८.५, म्हणजे ॲसिड व्हॅल्यू ५६,१०० (पोटॅशचा रेणुभार, मिलिग्रॅममध्ये) भागिले २९८.५, सुमारे १८८. एरंडेलात बाकी ओलेइक, लिनोलेइक, स्टिअरिक, पामिटिक अशी मेदाम्लं थोडी थोडी असतात, पण सॅप व्हॅल्यू १८० असलेल्या तेलातून ग्लिसरीन वजा केलं तरी मिश्र मेदाम्लांचा आकडा १८७-१८८च निघतो. तेव्हा तुमचं लक्ष्य १८७.

पहिली चूक पोटॅशमध्ये. १०० ग्रॅम तेलाला १८ ग्रॅम पोटॅश लागतं हे बरोबर, पण ते शंभर टक्के शुद्ध पोटॅश. बाजारातल्या पापड्या साधारण ८५ टक्क्यांच्या असतात, उरलेलं बहुतेक पाणी आणि थोडं कार्बोनेट. तुमच्या १८.५ ग्रॅममध्ये खरं पोटॅश १५.७ ग्रॅम. म्हणजे सुमारे १३ टक्के एस्टर बंध (मेदाम्लाला ग्लिसरीनशी जोडणारे दुवे) तुटलेच नाहीत आणि तेवढं तेल अर्धवट ग्लिसराइडच्या रूपात तुमच्या ॲसिडमध्ये आहे. बाटली जुनी आणि नीट बंद नसलेली असेल तर पापड्या याहून कमी ताकदीच्या असू शकतात, म्हणून त्या टायट्रेट करून घेतलेल्या बऱ्या.

दुसरी चूक अल्कोहोल न काढण्यात. १५० मिली इथेनॉल भांड्यात तसंच असताना गरम मिश्रणात सल्फ्युरिक ॲसिड गेलं. मोकळं मेदाम्ल, अल्कोहोल आणि खनिज ॲसिड गरमीत एकत्र आले की इथाइल एस्टर बनायला लागतो. पाणी भरपूर असल्याने तो फार बनला नसेल. पण रिसिनोलेइक ॲसिड इथेनॉलमध्ये छान विरघळतं, त्यामुळे काही माल खालच्या पाण्याबरोबर वाहून गेला. वरची कमाल मर्यादा ९६ ग्रॅम असताना ८६च आले, त्याचं एक कारण हे.

तिसरी चूक सर्वांत महत्त्वाची: १२० अंशांवर तीन तास. रिसिनोलेइक ॲसिड म्हणजे १८ कार्बनची साखळी, नवव्या कार्बनपाशी सिस दुहेरी बंध आणि बाराव्यावर हायड्रॉक्सिल गट. एकाच रेणूत ॲसिडही आणि अल्कोहोलही. एका रेणूचा कार्बॉक्सिल शेजारच्या रेणूच्या हायड्रॉक्सिलला धरतो, पाण्याचा रेणू बाहेर पडतो आणि दोघांचा एस्टर तयार होतो. याला एस्टोलाइड म्हणतात. उष्णता ही क्रिया पुढे रेटते, आणि उघड्या भांड्यात पाणी उडून जात असल्याने ती मागे फिरत नाही. दोनच धुण्यांनंतर राहिलेलं सल्फ्युरिक ॲसिड वर उत्प्रेरकाचं काम करतं. पाणी काढायला तुम्ही तापवलंत, पण त्या तापवण्यातच नवं पाणी तयार होत होतं.

साठवणीत तेच मंदगतीने चालू राहिलं. घट्टपणा त्याचाच; साखळ्या जोडल्या गेल्या की द्रव जड होतो. सगळा माल दोन-दोन रेणूंच्या जोड्यांत गेला तर ॲसिड व्हॅल्यू ९७ वर येते, सॅप व्हॅल्यू मात्र १९४ राहते. म्हणून नुसती ॲसिड व्हॅल्यू पाहून काही कळत नाही. त्याच नमुन्याची सॅप व्हॅल्यू काढा, दोन्हींतला फरक म्हणजे एस्टरमध्ये अडकलेला भाग. शिवाय आयोडीन व्हॅल्यूही (दुहेरी बंध किती आहेत त्याचं माप) काढा. ती का, ते आकडे आल्यावर सांगतो.

सॅप व्हॅल्यूसाठी २ ग्रॅम नमुना, ०.५ नॉर्मल अल्कोहोलिक पोटॅश २५ मिली, आणि निदान दीड तास उकळा. एस्टोलाइडचा एस्टर दुय्यम अल्कोहोलचा असतो, साध्या ग्लिसराइडपेक्षा तो हळू तुटतो. अर्ध्या तासात थांबलात तर आकडा खोटा कमी येईल.

---

एरंडपान

काढले. आजच्या नमुन्याची सॅप व्हॅल्यू १८५, आयोडीन व्हॅल्यू ८६. ॲसिड व्हॅल्यू पुन्हा १३६.

---

सॅपव्हॅल्यू

मग माल वाचतो.

पहिल्या दिवशी १८५ आणि १४९ मध्ये ३६ चा फरक होता. त्यातले अंदाजे २४ पोटॅशच्या तुटवड्याचे, उरलेले १२ इथाइल एस्टर आणि तापवताना झालेल्या एस्टोलाइडचे. नंतरचे १३ साठवणीतले. हे सगळे एस्टर बंधच आहेत, पोटॅशने तुटतात.

आयोडीन व्हॅल्यू मागितली ती दुसऱ्या धोक्यासाठी. फार तापलं की हायड्रॉक्सिल गट शेजारच्या हायड्रोजनसह पाणी होऊन निघून जातो आणि तिथे दुसरा दुहेरी बंध येतो. हे नुकसान भरून निघत नाही. शुद्ध रिसिनोलेइकची आयोडीन व्हॅल्यू ८५, दोन दुहेरी बंधांच्या ॲसिडची १८१. तुमची ८६ आहे, एरंडेलाच्या नेहमीच्या ८२ ते ९० च्या पट्ट्यात, म्हणजे तसं लक्षणीय काही घडलेलं नाही. एक सावधगिरी: ९ आणि ११ असे लागून असलेले दुहेरी बंध विज पद्धतीत (आयोडीन व्हॅल्यू काढायची नेहमीची रीत) पूर्ण मोजले जात नाहीत, म्हणून शंका असेल तेव्हा हायड्रॉक्सिल व्हॅल्यूही (हायड्रॉक्सिल गट किती उरले त्याचं माप) पाहावी.

जुन्या मालाची कृती. ८० ग्रॅम धरतो. १८५ प्रमाणे शुद्ध पोटॅश १४.८ ग्रॅम, ८५ टक्क्यांच्या पापड्या १७.४ ग्रॅम, त्यावर पंधरा टक्के जादा धरून २० ग्रॅम. इथेनॉल १२० मिली, पाणी २० मिली. दोन तास उकळा. थेंबभर मिश्रण कोमट डिस्टिल्ड पाण्यात सोडा. स्वच्छ विरघळलं पाहिजे. दुधाळ झालं तर एस्टर बाकी आहे, आणखी उकळा. ही चाचणी नळाच्या पाण्यात करू नका, कॅल्शियममुळे ते तसंही गढूळ होतं.

मग इथेनॉल डिस्टिल करून काढा. शेवटी साबणाचा फेस वर चढतो, म्हणून भांडं निम्म्याहून जास्त भरलेलं नको आणि आच मंद. उरलेला लगदा ४०० मिली कोमट पाण्यात विरघळवा.

आता २० टक्के सल्फ्युरिक ॲसिड सुमारे ७५ ग्रॅम. ते आधी पाण्यात ॲसिड घालून पातळ करून, गार करून ठेवा. मिश्रण ४०-४५ अंशांवर, ढवळत, धार बारीक. मध्येच सगळं दह्यासारखं घट्ट होतं. तिथे घाबरून थांबू नका. तो अर्धा साबण, अर्धं ॲसिड असा टप्पा आहे. पीएच ४ च्या खाली गेलं की एकदम सुटतं आणि वर पारदर्शक पिवळसर थर दिसू लागतो. पीएच २ ला थांबा.

धुणं किमान चार वेळा, दर वेळी १५० मिली कोमट पाणी. या ॲसिडची घनता ०.९४ आहे, पाण्याच्या फार जवळ, म्हणून थर सावकाश वेगळे होतात. जोरात हलवलं तर पांढरं इमल्शन बसतं. पहिल्या धुण्यांना ५ टक्के मिठाचं पाणी वापरा, शेवटचं धुणं साध्या डिस्टिल्ड पाण्याचं. धुतलेल्या पाण्यात बेरियम क्लोराइडचा थेंब टाकल्यावर पांढुरकं येईनासं झालं की सल्फेट गेलं. हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका, तुमच्या बाटलीतली निम्मी कटकट या राहिलेल्या ॲसिडची आहे.

सुकवणं: निर्जल सोडियम सल्फेट ८ ते १० ग्रॅम, रात्रभर, मग गाळणं. द्रव दाट असल्याने साध्या गाळणकागदातून तासन् तास लागतात, निर्वात पंपावर बुख्नर फनेल लावा. उरलासुरला ओलावा काढायचाच असेल तर निर्वातात, ५०-६० अंशांच्या वर नाही. व्यवस्थित झालं तर ॲसिड व्हॅल्यू १८० च्या वर यायला हवी.

---

ताजी_पापडी

वरच्या कृतीला दोन जोड.

मिठाने साबण वेगळा का होईना: बाराव्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिलमुळे हा साबण पाण्यात फार विरघळतो. खोबरेल सोडलं तर मिठाला इतकं दाद न देणारं तेल क्वचितच. ग्लिसरीन काढायला ती पायरी लागतच नाही, ते ॲसिडच्या धुण्यांत आपोआप खालच्या पाण्यात जातं.

दुसरं, नव्या बॅचला पाणी सढळ घ्या. १०० ग्रॅम तेलाला ८५ टक्के पोटॅश २४.५ ग्रॅम घेतलं तर शेवटी ३२ ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम सल्फेट तयार होतं. ते २५ अंशांना १०० मिली पाण्यात १२ ग्रॅमच विरघळतं. ३०० मिली पाण्यात ते जेमतेम मावतं, त्याहून गार होताच दोन थरांच्या मधोमध वाळूसारखे खडे बसतात आणि लोक त्यालाच इमल्शन समजून मीठ घालत राहतात. ५०० मिली घ्या, किंवा हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरा. पोटॅशियम क्लोराइड जवळजवळ तिप्पट विरघळतं. धूर मात्र येतो, हवा खेळती हवी.

---

एरंडपान

साठवायचं कसं? आणि ओलेइक-लिनोलेइक काढून टाकता येतं का?

---

सॅपव्हॅल्यू

गार, कोरडं, काठोकाठ भरलेल्या गडद बाटलीत, शक्य तर नायट्रोजनखाली. शून्य ते पाच अंशांवर ते गोठतं, त्याने बिघडत नाही. वितळवताना कोमट पाण्यात बाटली ठेवा, हीटरवर नाही. पण महिनोन्‌महिने ठेवायचंच असेल तर माझं स्पष्ट मत: ॲसिड म्हणून ठेवूच नका. कोरडा पोटॅशियम साबण किंवा मिथाइल एस्टर करून ठेवा आणि लागेल तेवढंच सोडवा. साबणात मोकळा कार्बॉक्सिलच नसतो, एस्टोलाइड व्हायला जागा नाही. आणि ॲसिड कसंही ठेवलेलं असो, वापराच्या दिवशी ॲसिड व्हॅल्यू पुन्हा काढायची. १ ग्रॅम नमुना, आधी फिनॉल्फ्थॅलिनला न्यूट्रल केलेलं ५० मिली इथेनॉल, ०.१ नॉर्मल पोटॅश. ताज्या मालाला सुमारे ३३ मिली लागतं.

शुद्ध करण्याचा साधा मार्ग हेक्झेनचा. हायड्रॉक्सिल असल्यामुळे रिसिनोलेइक ध्रुवीय बाजूला राहतं, बाकी मेदाम्लं हेक्झेनमध्ये जातात. ५० ग्रॅम मिश्र ॲसिड २०० मिली ९० टक्के मेथॅनॉलमध्ये विरघळवा, १०० मिली हेक्झेनने तीनदा हलवा, खालचा थर ठेवा. मेथॅनॉल निर्वातात कमी तापमानाला उडवा. आधीच्या धुण्यात खनिज ॲसिड राहिलं असेल तर इथे मिथाइल एस्टर बनेल, पुन्हा तोच फेरा. दोन्ही द्रव ज्वालाग्राही आहेत, मेथॅनॉल विषारी. उघडी ज्योत जवळ नको, धूरकपाटात करा.

झिंकच्या मिठाला इतकी शुद्धता लागत नाही.

---

जस्तफूल

झिंकचं मी सांगतो. १०० ग्रॅम ॲसिडला, ॲसिड व्हॅल्यू १८७ असेल तर, १३.३ ग्रॅम कॉस्टिक सोडा. हाच हिशेब तुम्ही १३६ च्या मालावर केला असता तर लागणारा सोडा ९.७ ग्रॅम आणि टाकलेला १३.३. उरलेल्या ३.६ ग्रॅम सोड्याने झिंक हायड्रॉक्साइड पाडलं असतं, आणि पांढरं, भरपूर दिसणारं, पण हायड्रॉक्साइड मिसळलेलं उत्पादन मिळालं असतं. म्हणून दर वेळी मोजलेल्या ॲसिड व्हॅल्यूवरूनच हिशेब: ग्रॅममागे सोडा म्हणजे ॲसिड व्हॅल्यू गुणिले ४०, भागिले ५६,१००.

साबणाचं ५ ते ८ टक्के द्रावण ६०-६५ अंशांवर, पीएच ८ च्या आसपास. झिंक सल्फेटचे सात पाण्याचे स्फटिक ४८ ग्रॅम, १० टक्के द्रावण करून, बारीक धारेने, जोरदार ढवळत. उलट करू नका, आणि दाट द्रावणंही घेऊ नका. गोळा बनतो आणि त्याच्या पोटात सोडियम सल्फेट अडकतं, मग कितीही धुवा, निघत नाही. गाळा, कोमट पाण्याने धुवा, ५० अंशांखाली सुकवा. तयार मिठात झिंक सैद्धांतिक ९.९ टक्के. राख करून झिंक मोजलं आणि ११-१२ टक्के आलं तर हायड्रॉक्साइड मिसळलं आहे असं समजा.

वापराबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. झिंक रिसिनोलेएट घाम थांबवत नाही आणि जंतूही मारत नाही. दुर्गंधाचे रेणू, म्हणजे गंधकाची थायॉल्स, अमाइन्स, छोटी मेदाम्लं, यांना तो झिंकपाशी बांधून ठेवतो. पाण्यात विरघळत नसल्याने योग्य सहविद्रावकाशिवाय नुसता मलमात घातला तर दाण्यासारखा बसतो आणि काम करत नाही.

---

ग्रीसगन

ग्रीससाठी रिसिनोलेइक थेट वापरू नका. दुहेरी बंध हवेतल्या ऑक्सिजनला वाट देतो, आणि सिस असल्याने साखळीला बाक येतो, साबणाचे तंतू घट्ट रचले जात नाहीत. आधी निकेल उत्प्रेरकावर हायड्रोजन देऊन दुहेरी बंध भरतात, ते झालं १२-हायड्रॉक्सिस्टिअरिक ॲसिड, ७५ अंशांच्या आसपास वितळणारं पांढरं घन. हायड्रोजन देताना तापमान चढलं तर हायड्रॉक्सिलच तुटतो आणि साधं स्टिअरिक उरतं, तेव्हा हे घरच्या बाकावरचं काम नाही. तयार १२-हायड्रॉक्सिस्टिअरिक घ्या.

बेस ऑइल ९०० ग्रॅम, ॲसिड ९० ग्रॅम, लिथियम हायड्रॉक्साइड मोनोहायड्रेट १२ ते १२.५ ग्रॅम, पाचपट गरम पाण्यात विरघळवून. निम्म्या तेलात ॲसिड ८५ अंशांवर वितळवा, लिथियमचं पाणी थेंबथेंब घाला, फेस चढतो म्हणून भांडं मोठं. ९० च्या आसपास तासभर, मग १३० पर्यंत नेऊन पाणी पूर्ण घालवा. पाणी राहिलं तर पुढे उसळी मारतं. मग २०० अंशांपर्यंत, साबण वितळून सगळं पारदर्शक होईतो, आणि लगेच उरलेलं गार तेल घालून खाली आणा. किती वेगाने गार होतं त्यावर तंतूंची लांबी ठरते. शेवटी मिलिंग (ग्रीस रगडून एकजीव करणं), ते टाळलं तर ग्रीस दाणेदार राहतं आणि तेल सोडतं. हा सगळा वेळ तेल धुरावत असतं, झाकण आणि अग्निशामक हाताशी असू द्या.

यातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट: एरंडात बाराव्या कार्बनची ठेवण एकाच हाताची असते, आणि ती हायड्रोजन दिल्यावरही टिकते. त्यामुळे लिथियम साबणाचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली दोरखंडासारखे पीळ घेतलेले दिसतात. दोन्ही हातांचं मिश्रण घेतलं तर पीळ जातो, चपट्या पापुद्र्यांसारखे स्फटिक होतात आणि ग्रीस तितकं तेल धरत नाही. पिळाची ही देणगी थेट झाडाकडून आलेली आहे.

---

नवखा_तेलपाणी

एरंडाच्या बीमधलं रिसिन यात येतं का? आणि यापासून नायलॉन करतात म्हणतात, तेही या कृतीने जमेल का?

---

सॅपव्हॅल्यू

रिसिन हे प्रथिन आहे, तेलात विरघळत नाही, ते पेंडीत राहतं. शुद्ध केलेल्या तेलात ते नसतं आणि वर पोटॅशमध्ये दोन तास उकळल्यावर तर प्रश्नच नाही. नावातलं साम्य तेवढं झाडाच्या रिसिनस या नावामुळे. पण ॲसिड चाखून पाहण्याची वस्तू नाही: एरंडेलाने जुलाब होतात ते याच ॲसिडमुळे. आतड्यात तेल तुटून ते सुटं होतं, आणि ईपी३ नावाच्या प्रोस्टाग्लँडिन ग्राहकावर काम करतं, हे २०१२ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं गेलं.

नायलॉनचे दोन रस्ते आहेत आणि दोन्ही कारखान्याचे. मिथाइल रिसिनोलेएटची वाफ सुमारे ५५० अंशांवर नेली की साखळी अकराव्या आणि बाराव्या कार्बनमध्ये तुटते: एकीकडे अनडेसिलेनिक ॲसिडचा एस्टर, दुसरीकडे हेप्टॅनाल. पहिल्यापासून नायलॉन ११, आणि त्याच ॲसिडचं झिंक मीठ पायाच्या बुरशीवरच्या पावडरीत. हेप्टॅनालपासून बेंझाल्डिहाइडबरोबर मोगऱ्या-जाईच्या जातीचा सुगंधी अल्डिहाइड.

दुसरा रस्ता कॉस्टिक सोड्याचा. १८०-२०० अंशांवर, सोडा कमी असेल तर १०-हायड्रॉक्सिडेकॅनोइक ॲसिड आणि २-ऑक्टॅनोन. २५०-२८० अंशांवर, रेणूमागे दोन सोडा असेल तर सेबॅसिक ॲसिड, २-ऑक्टॅनॉल आणि हायड्रोजन वायू. सेबॅसिकपासून नायलॉन ६,१०. वितळलेला सोडा काच खातो, वर ज्वालाग्राही हायड्रोजन सुटतो. काचेच्या भांड्यात हे कधीही करून पाहू नका.

---

एरंडपान

जुन्या मालातला ४० ग्रॅम वरच्या कृतीने, प्रमाणं निम्मी करून, पुन्हा सोडवला. बेरियम क्लोराइडची चाचणी पाचव्या धुण्याला स्वच्छ आली. ॲसिड व्हॅल्यू १८३, सॅप व्हॅल्यू १८७. निर्वातात ५५ अंशांवर सुकवलं. रंग किंचित गडद झाला आहे, तो पोटॅशमध्ये उकळताना हवा लागल्याने का?

---

सॅपव्हॅल्यू

हो, गरम अल्कलीत हवा लागली की रंग चढतो. पुढच्या वेळी कंडेन्सरच्या तोंडाशी नायट्रोजनची हलकी धार ठेवा. १८३ उत्तम आहे. बाकीच्या निम्म्याचा उकळून झाल्यावर साबणच कोरडा करून ठेवा, झिंकला तोच लागणार आहे. फक्त द्रावण करताना जास्तीचं पोटॅश पातळ ॲसिडने पीएच ८ पर्यंत मारून घ्या.